खाली बारीक

"गाऱ्हाणं झाल्याशिवाय कापड ओढायचं नाही," जयंतीआत्याने दम भरला आणि सौरभने दोरीवरचा हात मुकाट्याने मागे घेतला. अडतीस वर्षांचा बाप्या, मालाडसारख्या ठिकाणी स्वतःचा स्टुडिओ थाटून बसलेला, पण आत्याचा आवाज चढला की अजून पाचवीतला होतो. महापालिकेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवून ती रिटायर झाली होती. घाटकोपरहून सकाळी साडेसातलाच येऊन तिने झेंडूच्या तोरणापासून बटाटेवड्यांपर्यंत सगळ्याची सूत्रं हातात घेतली होती.

दसरा होता. टेबलावर अवजारं पूजेला मांडली होती. दोन कॉम्प्युटर, आणि त्यांच्या मधोमध सौरभच्या वडिलांचे, लवू धुरींचे अकरा ब्रश, दांड्या घासून घासून गुळगुळीत झालेले. ते ब्रश तिथे असणं ही धुरींच्या घरातली मोठीच गोष्ट होती. सौरभ दोनदा दहावी नापास झाला, त्यानंतर कित्येक वर्षं बापलेकांत 'जेवलास काय'च्या पलीकडे बोलणं गेलं नव्हतं. लहान मुलांच्या पुस्तकांसाठी त्याने घडवलेल्या देवनागरी अक्षरांना यंदा दिल्लीत बक्षीस मिळालं, पेपरात फोटो आला, तेव्हा कुठे म्हातारा बोलता झाला. मग सौरभनेच पुढे होऊन म्हटलं होतं, "बाबा, स्टुडिओचा बोर्ड तुम्ही रंगवा." चिठ्ठी हातात दिली आणि वर सांगितलं, "चिठ्ठीत आहे तसंच."

"आजपर्यंत कधी आसा तसाच नाय केलंय काय?" लवू म्हणाले होते. पंचेचाळीस वर्षं बोरीवलीतल्या अर्ध्या दुकानांच्या पाट्या त्यांनी रंगवल्या, त्या याच नावलौकिकावर. गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीतला काना-मात्रा इकडचा तिकडे होणार नाही.

आता ते गाऱ्हाणं घालायला, देवाला हाक द्यायला दाराशी उभे राहिले. सत्तरी ओलांडलेले, पण आवाज असा की खालच्या गाळ्यातलं मशीन कुणीतरी बंद केलं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे.

"आज ह्या तुझ्या लेकरान मालाडात नवी जागा घेतल्यान हा. तेच्या हातातल्या कलेक यश दी. जो कोण आडो येत, तेका बाजूक कर. वाकड्याचा सरळ कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

पुस्तकवाल्या प्रकाशनाच्या गार्गी मॅडम एक ताल उशिरा ओरडल्या आणि स्वतःशीच हसल्या. सौरभने दोरी ओढली. कापड खाली आलं.

काय अक्षरं होती! लालभडक 'वळण', त्याच्या 'ळ'ची गाठ अशी वळलेली की बोट फिरवावंसं वाटावं. हे नाव सौरभने मुद्दाम निवडलं होतं. मास्तर लोक म्हणायचे ना, अक्षराला वळण नाही, मुलाला वळण नाही, म्हणून वळण. त्याखाली 'अक्षर आणि रेखाटन'. त्याखाली मोरपिशी निळ्या रंगात, बारीक, सोनेरी सावली दिलेली एक ओळ. शेवटी 'सौरभ लवू धुरी'.

टाळ्या पडायला लागल्या आणि मधेच विरल्या. लोक तिसरी ओळ वाचत होते.

'खाली बारीक, बाबांना सुचेल त्या रंगात.'

सौरभच्या आईने, विमलाबाईंनी ती दोनदा वाचली. मोतीबिंदू काढून आठ दिवस झाले होते, काळा चष्मा होता, पण ओळ स्वच्छ दिसली. ही तर सूचना होती! लेकाने बापाला लिहिलेली सूचना, की नाव खाली घ्या, बारीक घ्या, रंग तुमचा तुम्ही ठरवा. आणि ह्यांनी ती आख्खी रंगवून ठेवली होती. जीव ओतून, सावलीबिवली देऊन. मेली मी, मी का नाही बघितली चिठ्ठी? विचारलं होतं त्यांनी, "वाचू काय हो?" तर म्हणाले, "डॉक्टरान वाचू नको म्हणून सांगल्यान हा ना? पडान रव. चारच वळी आसत."

"झकास!" गार्गी मॅडम टाळी देत म्हणाल्या. "सौरभ, काय आयडिया आहे यार! सूचनाच डिझाइन! काका, मानलं तुम्हाला!"

मग सगळेच हसले. अच्छा, गंमत आहे होय! मोबाइल बाहेर निघाले. लवूही हसले. पण ते सगळ्यांच्या नंतर हसले, चेहरे बघून बघून, आणि बोर्डाकडे न बघता. सौरभने ते पाहिलं. हे हसू त्याला पाठ होतं. मीटिंगमध्ये कुणी मोबाइल पुढे करून 'हे वाच, भारी आहे' म्हटलं की तो स्वतः अस्साच हसायचा.

पाहुणे वडे खाऊन, फोटो काढून अकराच्या सुमाराला गेले. घरचे तेवढे उरले. सौरभची बायको अस्मिता डिशा गोळा करत होती आणि आठ वर्षांची सई खाली बसून कागदाच्या तुकड्यावर झेंडू काढत होती. आत्याला आता मोकळं रान मिळालं.

"दादा, हा काय वेडेपणा? लोकांनी गोड मानून घेतलं म्हणून. चिठ्ठी न वाचता रंगवलंस?"

"चिठ्ठीत होता तसाच केलंय," लवू म्हणाले.

"तेच तर म्हणतेय मी!"

"मगे चुकला काय?"

म्हाताऱ्याच्या तोंडावर खरोखरच प्रश्न होता. त्याला कळलंच नव्हतं काय चुकलंय ते.

"बाबा," सौरभ म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. "तिसरी ओळ वाचा."

"वाचूचा काय तेच्यात? तूच लिवलंस ना?"

"वाचा ना."

"चष्मो घराक रवलो माझो."

"आजोबा, चष्मा खिशात आहे," सई म्हणाली.

होताच खिशात. शर्टाच्या खिशातून काळी काडी बाहेर आली होती. लवूंनी तिच्यावर हात ठेवला, आणि तो हात तसाच राहिला. अस्मिताने हातातल्या डिशा टेबलावर ठेवल्या.

"पुरे आता," विमलाबाई म्हणाल्या. "ह्यांका वाचूक येणा नाय."

"वहिनी! काय बोलतेस तू!"

"खरा ता सांगतंय. अक्षर येता. एकेक सुटा सुटा येता. शब्द म्हणून लागणा नाय. पयल्यापासून." एकदा तोंड उघडल्यावर त्यांना थांबता येईना. "चिठ्ठी घराक यायची. मी भाकरी थापता थापता वाचायचंय. ह्या दुकानाचा नाव, ह्यो मालक, ह्यो पत्तो, बारीक घाला. कागदावर कच्चा काढीत, आणि माका इचारीत, वाच गो, काय लिवलंय सांग. बरोबर आसला तर दुसऱ्या दिवशी बोर्ड. पंचेचाळीस वर्सां. ह्या एकाच खेपेक माझो डोळो बांधलेलो."

जयंतीआत्या खुर्चीत बसली. आयुष्यभर ती एक गोष्ट ऐकत आली होती, शाळेतल्या पोरांना भरल्या डोळ्यांनी सांगत आली होती, की वडील गिरणीत होते, घरात एकाचीच फी भरता येईल इतकाच जोर होता, तेव्हा दादाने चौथीतून शाळा सोडली आणि मला शिकवलं.

"म्हणजे माझ्यासाठी सोडलीस ते..." आत्या म्हणाली. "दादा, ते खोटं होतं?"

"खोटा नाय," लवू हळूच म्हणाले. "तुका शिकवचा होताच. पण मास्तर माका रोज बाकार उभो करी, ता पण होता. दोन्ही खरा. तू एक उचललंस, मी तसाच रवाक दिलंय."

आत्याने पदर तोंडाला लावला. चौतीस वर्षं वर्गात किती जणांना बाकावर उभं केलं, त्याचा हिशेब तिने कधी ठेवला नव्हता. आज ते सगळे एकदम समोर आले.

सौरभला मात्र तिचं रडणं दिसतच नव्हतं. तो बापाकडे बघत होता.

"मला फूटपट्टीने मारायचात," तो म्हणाला. "रोज. संध्याकाळी दुकान बंद करून यायचात, हातपाय धुवायचात, आणि समोर बसवायचात. वाच. परत वाच. बाबा, तुम्हाला वाचता येत नव्हतं तर मी चुकलोय हे तुम्हाला कळायचं कसं?"

"तू थांबलंस की कळायचा."

"काय?"

"तू अडाखलंस की माका कळायचा, हयसर गचको आसा. मी पण थयसरच अडाखायचंय." लवूंनी मान वर केली. "माका वाटायचा, भीतीन तरी सुटात. माझा सुटला नाय. तुझा तरी सुटूंदे."

"सुटलं नाही! हात सुजले फक्त! मी बाथरूममध्ये पाण्याखाली हात धरून उभा राहायचो आणि म्हणायचो, माझ्या बापाला सगळं येतं आणि मीच एक गाढव जन्माला आलोय!" सौरभ आता रडत होता आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती. तो आईकडे वळला. "आणि तू? तुला माहीत होतं. सगळे म्हणायचे मामावर गेलाय, धोंडूमामासारखाच मठ्ठ, हे तिकडून आलंय. आत्या म्हणायची, बाबा म्हणायचे. तू काय करायचीस? वाढायचीस!"

"वाढायचंय," विमलाबाई म्हणाल्या. "माझ्या भावाचा नाव माझ्याच घरात बदनाम झाला, आणि मी आमटी वाढलंय. भायेर कळला असता तर वाचूक न येणाऱ्या पेंटराक पाटी कोण देईत रे? तू जेवलंस तो त्याच पाट्यांवर जेवलंस." त्यांनी काळा चष्मा काढून डोळे पुसले, मग डॉक्टरांची आठवण झाली तसा घाईने परत चढवला. "पण चुकलाच माझा. तुका तरी सांगूक हवा होता."

सासरच्या भांडणात पडायचं नाही, हा अस्मिताचा बारा वर्षांचा नियम. पण तिच्या पर्समध्ये महिन्याभरापासून एक कागद होता, आणि हा क्षण गेला तर तो तिथेच राहणार हे तिला कळून चुकलं. तिने पर्स उघडली.

"सोमवार शेवटचा दिवस आहे, सौरभ."

सौरभने कागद ओळखला आणि तोंड फिरवलं. सईच्या शाळेचा फॉर्म होता. तिसरीत गेली तरी तिला धडा वाचता येत नव्हता. बाई भल्या होत्या, म्हणाल्या, हिची तपासणी करून घेऊ, मग वेळ वाढवून देता येईल, वेगळी शिकवणी लावता येईल. आई आणि वडील, दोघांच्या सह्या लागत होत्या. आईची झाली होती.

"आत्ता नको, अस्मिता."

"आत्ताच. तू मला काय सांगितलंस? माझं झालं ना कागदाशिवाय, तिचंही होईल. शिक्का नको. अरे, गार्गी मॅडम चार वर्षं तुझ्याकडून पुस्तकं करून घेतायत, त्यांना अजून माहीत नाही की त्यांच्या मेल मी तुला रोज वाचून दाखवते! आई भाकऱ्या थापताना वाचायच्या, मी डबे भरताना वाचते. फरक काय? सांग ना, फरक काय आहे?"

सौरभला लख्ख दिसलं. आपण बापापासून जितकं लांब पळालो, ते सगळं गोल फिरून त्याच ओट्यापाशी येऊन थांबलं होतं.

सई उठून आजोबांजवळ गेली होती. मोठी माणसं ओरडत असताना ती घाबरली नव्हती. तिला एकदम भारी बातमी मिळाली होती.

"आजोबा, तुमचं पण घ चं ध होतं? माझं घर होतं ना, ते मी धर वाचते. सगळे हसतात."

"होयचा," लवू म्हणाले. "मगे मी एक युक्ती काढलंय. ध चो माथो उघडो. घ चो माथो झाकलेलो. घराक छप्पर लागता ना? छप्पर आसा तर घ. छप्पर नाय, आभाळ दिसता, तर ध." त्यांनी पूजेतला एक ब्रश उचलला आणि कोरड्याच ब्रशाने टेबलावर दोन अक्षरं काढली. "आणि रंगवताना मी ध चा आभाळ मुद्दाम मोठा ठेवतंय. लांबून चुकाक नको."

सौरभ पुढे होऊन टेबलावर वाकला.

दिल्लीच्या बक्षिसाच्या पत्रात तेच लिहिलं होतं. सारख्या दिसणाऱ्या अक्षरांमधलं अंतर ठळक करणारी रचना, ध आणि भ यांचा उघडा माथा नेहमीपेक्षा रुंद. चार वर्षं त्याने त्या फटीवर घालवली होती. ती त्याची स्वतःची होती, कुणी शिकवलेली नव्हती, आयुष्यात एवढी एकच गोष्ट आपण स्वतः शोधून काढली असं तो समजत होता. आणि बोरीवली स्टेशनाबाहेरच्या धान्याच्या दुकानावर, धोब्याच्या पाटीवर ती त्याच्या जन्माआधीपासून टांगलेली होती. तिच्याखालून तो रोज शाळेत गेला होता.

"हे मला का नाही सांगितलंत?" त्याचा आवाज अगदी बारीक झाला. "फूटपट्टीच्या ऐवजी एवढंच सांगायचं होतं ना, बाबा."

"सांगलं आसतं तर तू इचारलं आसतंस, बाबा, तुमका ह्या कित्याक लागता?"

सौरभने डोळे पुसले. मग त्याने फॉर्म ओढून घेतला आणि खुर्चीत बसला.

"मी वाचतो," तो म्हणाला. "मोठ्याने. कोणी मधे बोलायचं नाही."

आणि त्याने वाचला. बापासमोर, आत्यासमोर, पंचवीस वर्षांनी पहिल्यांदा. 'पालकांचे संमतिपत्र'पाशी तीनदा अडखळला. 'निरीक्षण'चं 'निरक्षण' झालं, परत गेला, परत आला. आत्याचे ओठ हलत होते, पण आवाज बाहेर आला नाही. शेवटच्या रकान्याशी तो थांबला.

"घरात आणखी... कोणाला वाचनाची अडचण आहे का. नाव व नाते." त्याने कागद डोळ्यांजवळ नेला. "इथे आधीच पेन्सिलीने लिहिलंय. धोंडू. आजीचा भाऊ."

"मी लिहिलं," जयंतीआत्या कशीबशी म्हणाली. "गणपतीत तुमच्याकडे आले होते, अस्मिताने दाखवला तेव्हा. मला वाटलं..."

"खोड ता," लवू म्हणाले. "माझा नाव घाल."

"बाबा, शाळेत जाणार हा कागद. लोक वाचतील."

"पाटी लोकांनी वाचूकच आसता. धोंडू बिचारो चक्की चालवून मेलो, तेका मोकळो कर आदी."

विमलाबाईंच्या तोंडून हुंदका निघाला. त्यांनी तो दाबला नाही.

आत्यानेच खोडरबर शोधून आणलं आणि स्वतःच्या हाताने पुसलं. सौरभने आधी सही केली. मग रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं, पुढे 'वडील', आणि कागद बापाकडे सरकवला. लवूंनी एक नंबरचा ब्रश काळ्या रंगात बुडवला, टोक बाटलीच्या काठावर निरपलं, आणि श्वास धरून लिहिलं, 'लवू सोनू धुरी'. छापल्यासारखं. नाव तेवढं त्यांना पाठ होतं.

"आता खाली बारीक काय?"

"नातं," अस्मिता म्हणाली. "आजोबा."

"ता माका येणा नाय. कधी कोणी पाटी करूक दिल्यान नाय." ते वाकले. "सई बाय, काढून दी गो. तू काढशीत तसाच मी करतंय."

सईने जीभ बाहेर काढून झेंडूच्या कागदामागे लिहिलं, आणि कागद आजोबांपुढे धरला. लवूंनी तो बघून बघून, काना-मात्रा जराही न हलवता, बारीक उतरवून काढला.

'आजोवा.'

ब चं पोट चिरायचं राहून गेलं होतं. आत्याचा हात सवयीने पर्समधल्या लाल पेनाकडे गेला, टोपण निघालंसुद्धा. तिने भावाकडे बघितलं. मग टोपण परत लावलं आणि पेन पर्समध्ये टाकून दिलं.

लवूंनी ब्रश खाली ठेवला. कागद उचलून बायकोपुढे केला, पंचेचाळीस वर्षं करत आले तसाच.

"वाच गो. काय लिवलंय सांग."

विमलाबाईंनी काळा चष्मा कपाळावर सरकवला. नाव वाचलं, त्याखालचा बारीक शब्द वाचला, आणि पलीकडे श्वास रोखून उभ्या असलेल्या नातीकडे बघितलं.

"बरोबर आसा," त्या म्हणाल्या. "आसा तसाच जाऊंदे."